शेवटून पहिला नंबर

मागच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर एक फॉरवर्ड फिरत होता. देशातल्या विमान कंपन्या किती वेळेवर उडतात याची यादी. वरती इंडिगो, मग बाकीचे, आणि तळाच्या दोनतीन नावांत अलायन्स एअर. आमच्या टीममधल्या एका अस्सल पुणेकराने ताटातली पोळी बाजूला ठेवून मला विचारलं, "हेच ना रे तुमच्या अमरावतीचं विमान? याच्यापेक्षा बैलगाडी बरी की!"

सगळे हसले. मीही हसलो. पण जागेवर परत येऊन कोड उघडला तरी डोक्यातून ते जाईना. मी अचलपूरचा. (ज्यांना अचलपूर माहीत नाही त्यांच्यासाठी: परतवाड्याचं जुळं गाव, चिखलदऱ्याला जाताना ज्याच्या शेजारून तुम्ही चहासुद्धा न पिता पुढे निघून जाता ते. एके काळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती, पण असो.) आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान आलं १६ एप्रिल २०२५ ला. अमरावतीजवळ बेलोऱ्याला, मुंबईहून, अलायन्स एअरचं एटीआर ७२. सुरुवातीला आठवड्यातून फक्त तीन दिवस. विमानतळाचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलं होतं की माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी त्याची आशा सोडून दिली होती. शेजारच्या अकोल्याला विचारा, शिवणीच्या धावपट्टीचा विषय काढला की लोक अजून उसासे टाकतात.

तर या विमानाला बैलगाडी म्हणण्याआधी ती यादी कशी बनते ते एकदा बघू या म्हटलं. शनिवार होताच.

वेळेचे हे आकडे येतात डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, दर महिन्याच्या अहवालातून. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलं तर विमान 'वेळेवर', सोळावं मिनिट लागलं की 'उशिरा'. जगभर बहुतेक ठिकाणी हाच हिशोब आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गंमत पुढे आहे. ही टक्केवारी देशातल्या सगळ्या विमानतळांवर मोजलेली नसते. वर्षानुवर्षं ती फक्त चार ठिकाणी मोजली जायची: दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि हैदराबाद. नंतर त्यात चेन्नई आणि कोलकाता आले.

आता लक्षात घ्या. बेलोऱ्याला विमान किती वाजता उतरलं, किती वाजता उडालं, याची त्या टक्केवारीत नोंदच नाही. आमचं विमान मोजलं जातं ते मुंबईच्या टोकाला. म्हणजे ज्या प्रवाशाच्या नावाने हे विमान सुरू झालं, तो ज्या टोकाला उभा आहे, ते टोक हिशोबाबाहेर! आणि या आकड्यावरून आम्ही जेवणाच्या टेबलावर ठरवतो की कुणाची सेवा चांगली आणि कुणाची बैलगाडी.

"पण सगळ्यांना त्याच सहा ठिकाणी मोजतात ना, मग अन्याय कसला?" हा पुणेकराचा पुढचा प्रश्न. (तो सोडत नाही. चांगला इंजिनिअर आहे, म्हणूनच त्रास देतो.)

याचं उत्तर द्यायला एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेतलं, १९९०च्या आसपासचं, संख्याशास्त्राच्या पुस्तकांत सापडतं. अलास्का एअरलाइन्स आणि अमेरिका वेस्ट या दोन कंपन्या, पाच विमानतळ, एक महिना. एकूण बघितलं तर अलास्काची १३.३ टक्के विमानं उशिरा, अमेरिका वेस्टची १०.९ टक्के. म्हणजे अमेरिका वेस्ट चांगली, विषय संपला. आता एकेक विमानतळ घ्या. लॉस एंजेलिसला अलास्का ११.१, अमेरिका वेस्ट १४.४. फिनिक्सला ५.२ आणि ७.९. सॅन डिएगोला ८.६ आणि १४.५. सॅन फ्रान्सिस्कोला १६.९ आणि २८.७. सिॲटलला १४.२ आणि २३.३. पाचही ठिकाणी अलास्का सरस! मग बेरजेत हरली कशी? कारण अलास्काच्या ३,७७५ उड्डाणांपैकी २,१४६ सिॲटलची होती, जिथे पाऊस आणि धुकं. आणि अमेरिका वेस्टच्या ७,२२५ पैकी ५,२५५ फिनिक्सची, जिथे वाळवंटातलं लख्ख ऊन. जी कंपनी अवघड ठिकाणी जास्त उडते ती बेरजेत वाईट दिसते, तिचं काम चांगलं असूनसुद्धा. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. मी कॉलेजात हा घोकला होता, पेपरात लिहिला होता, आणि नंतर सोयीस्करपणे विसरलो होतो. कसा, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे सहाच विमानतळ ठरवल्यामुळे हा घोळ थोडा कमी होतो, मान्य. पण संपत नाही. मुंबईला उशिरा पोचलेलं विमान कुठून आलं होतं? दिल्लीहून आलेलं विमान जिथून उडालं तिथे आयएलएस आहे, म्हणजे कमी दिसत असतानाही यंत्राच्या आधाराने उतरता येतं. शेजारी दुसरी-तिसरी धावपट्टी आहे, रात्रभर दिवे आहेत. लहान गावच्या विमानतळावर बहुधा यातलं काहीच नसतं. पावसाळ्यात ढग खाली आले, हिवाळ्यात सकाळचं धुकं रेंगाळलं, की वैमानिकाला धावपट्टी दिसेपर्यंत थांबणं एवढाच मार्ग. यात कंपनीचा दोष किती आणि विमानतळाचा किती? टक्केवारी हा फरक करत नाही. ती सगळं कंपनीच्या खात्यावर टाकते.

दुसरी गोष्ट विमानांच्या संख्येची. इंडिगोकडे चारशेच्या वर विमानं आहेत, अलायन्सकडे जेमतेम वीसेक. लहान कंपनीचं एक एटीआर सकाळी निघतं आणि संध्याकाळपर्यंत या गावाहून त्या गावाला शिवणकामासारखे टाके घालत फिरतं. सकाळच्या पहिल्या टाक्याला चाळीस मिनिटं उशीर झाला की पुढचे सगळे टाके उसवतात. मोठ्या कंपनीकडे अशा वेळी एखादं विमान बाजूला उभं असतं, ते पुढे आणतात, साखळी तुटते. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरवर सगळे जॉब एकामागे एक लावलेले, आणि फेलओव्हर नाही. अशा सिस्टीमची तुलना चारशे सर्व्हरच्या क्लस्टरशी करून "बघा, याचा अपटाइम किती वाईट" असं कुणी म्हटलं तर आपण त्याला डिझाइन रिव्ह्यूला बोलावणार नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत १९९१ पासून 'एअरलाइन क्वालिटी रेटिंग' नावाची एक यादी निघायची. वर्तमानपत्रं दर वर्षी ती मोठ्या मथळ्यांनी छापायची आणि तळाला बहुतेक वेळा प्रादेशिक कंपन्या असायच्या. तिचं सूत्र अगदी उघड होतं, म्हणून मी कागदावर करून पाहिलं. वेळेवर असण्याला ८.६३ गुण, जागा नाकारण्याला उणे ८.०३, सामानाच्या घोळाला उणे ७.९२, तक्रारींना उणे ७.१७, आणि सगळ्याला वजनांच्या बेरजेने, ३१.७५ ने, भागायचं. दिसायला चारही गोष्टींना साधारण सारखंच वजन. पण एककं बघा हो! वेळेवर असणं हा ० ते १ मधला अपूर्णांक. सामानाचा घोळ त्या काळी दर हजार प्रवाशांमागे, म्हणजे ३ किंवा ५ असा आकडा. आता एखाद्या कंपनीने वेळ पाळण्यात ७० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर झेप घेतली, जी प्रत्यक्षात अफाट सुधारणा आहे, तर गुण वाढतात ०.०५. आणि सामानाचा घोळ हजारी ३ वरून ५ वर गेला तर गुण घटतात ०.५. जवळजवळ नऊपट! कागदावर समान वजनं, प्रत्यक्षात ही सामानाची यादी.

आणि सामान कुणाचं जास्त हरवतं? ज्यांचे प्रवासी मध्येच विमान बदलतात त्यांचं. प्रादेशिक कंपनीचं कामच ते, लहान गावातून माणसं उचलून मोठ्या विमानतळावर आणून सोडायची. त्यात भर म्हणजे मोठ्या विमानतळावर वादळ आलं आणि उड्डाणं कमी करायची वेळ आली, की मोठी कंपनी आपल्या भागीदाराचं पन्नास आसनांचं विमान आधी रद्द करते आणि दोनशेचं वाचवते. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे ते. पण रद्द झाल्याची नोंद लहानाच्या नावावर व्हायची आणि तिकिटावरचं मोठं नाव स्वच्छ राहायचं. शेवटी २०१८ पासून तिथल्या सरकारने तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या नावाखालीही भागीदारांची उड्डाणं मोजायला लावली. पण त्याला किती वर्षं लागली बघा.

आता माझी गोष्ट. आधीच्या एका कंपनीत आमचं सॉफ्टवेअर बऱ्याच लहानमोठ्या शाखांमध्ये चालायचं आणि सपोर्ट टीमसाठी एक डॅशबोर्ड हवा होता. कोण किती तासांत तक्रार मिटवतो, त्याचा सरासरी क्रम. ती क्वेरी मी लिहिली. एका दुपारचं काम, ग्रुप बाय, ॲव्हरेज, ऑर्डर बाय, झालं. टीममध्ये एक जण होता, तालुक्याच्या ठिकाणच्या शाखा त्याच्याकडे, कारण त्या घ्यायला दुसरं कुणी तयार नसायचं. तिथे लाइन तासन्‌तास बंद, वीज गेलेली, मशीन रीस्टार्ट करायला सांगावं तर किल्ली साहेबांकडे आणि साहेब लग्नाला. तो सलग तीन तिमाही माझ्या डॅशबोर्डवर शेवटचा होता. मीटिंगमध्ये त्याचं नाव लाल रंगात दिसायचं. तो लाल रंगसुद्धा मीच दिला होता. चौथ्या तिमाहीत तो दिसला नाही, नोकरी सोडून गेला होता. त्याच्या शाखा वाटल्या गेल्या, आणि ज्यांच्याकडे गेल्या त्यांचे नंबर घसरले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी माणसं मोजतच नव्हतो, तालुके मोजत होतो. सिम्प्सन वगैरे सगळं शिकलेला माणूस मी!

म्हणून ती यादी बघून मला नुसतं हसता येत नाही.

पण थांबा, मला कुणाची वकिली करायची नाही. अलायन्सची उड्डाणं रद्द होण्याचं प्रमाण बऱ्याच महिन्यांत खरोखर जास्त दिसतं आणि त्यातली सगळी धुक्यामुळे नसतात. डीजीसीएच्या अहवालात कारणंही विभागून दिलेली असतात, तांत्रिक, हवामान, व्यवस्थापन वगैरे. ती वाचा. शिवाय हा सरकारी पैशाचा मामला आहे. 'उडान' योजनेत तासाभराच्या प्रवासाला साधारण २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालून काही जागा राखल्या गेल्या, आणि कंपनीचं नुकसान तीन वर्षं भरून द्यायचं ठरलं. ते पैसे तुमच्या-आमच्या खिशातले आहेत. तेव्हा "बिचारे लहान आहेत, सांभाळून घ्या" हे मला मान्य नाही. सवलत द्या असं मी म्हणतच नाहीये, बरोबर मोजा म्हणतोय.

आणि बरोबर मोजलं तर लहान कंपनी सुटेल असंही नाही. काही बाबतीत ती आणखी वाईट दिसेल! समजा मुंबई-दिल्ली विमान रद्द झालं. तासाभरात दुसरं आहे, संध्याकाळपर्यंत तुम्ही दिल्लीत. आता रोज न येणारं बेलोऱ्याचं विमान रद्द झालं तर? पुढचं परवा. नाहीतर गाडी करून नागपूर गाठा, दीडशे किलोमीटर. नाहीतर बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे, रिझर्वेशन मिळालं तर. यादीत दोन्ही ठिकाणी 'एक उड्डाण रद्द' एवढंच लिहिलेलं असतं. माझं म्हणणं, उड्डाणं मोजू नका, माणसाचे वाया गेलेले तास मोजा. ठरलेल्या वेळी पोचायचं होतं ते शेवटी कुठल्याही मार्गाने किती तासांनी पोचला? हा आकडा दोन्ही टोकांना मोजा, आणि एकाच प्रकारच्या मार्गावरच्या कंपन्या एकमेकांशेजारी ठेवा. अलायन्सला स्टार एअरशेजारी ठेवा. (स्टार एअर म्हणजे कोल्हापूरच्या घोडावत समूहाची, हो, ते सुद्धा लहान गावांना जोडतात.) एटीआर आणि एम्ब्राएरचा फरक राहील, पण निदान दोघेही तालुक्याच्या शाखा सांभाळणारे आहेत.

आणि एक आकडा कुठल्याच यादीत नसतो, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बंद पडलेले मार्ग. कॅगने २०२३ मध्ये उडानचा हिशोब मांडला. ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातले तीन वर्षं पूर्ण केलेले फक्त ११२. आणि त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत, तग धरून राहिलेले ५४. आता विचार करा, एखाद्या कंपनीने उद्या आपले सगळे अवघड मार्ग बंद केले आणि फक्त मोठ्या शहरांत उडायला लागली, तर तिची वेळ पाळण्याची टक्केवारी सुधारेल. नंबर वर जाईल. ज्या गावाचं विमान गेलं त्या गावाचं दुःख यादीत कुठेच येणार नाही, कारण जे उडतच नाही ते उशिरा कसं होणार? आपण लॉगमधून टाइमआउट झालेल्या रिक्वेस्ट काढून टाकायच्या आणि मग सरासरी वेग किती छान म्हणायचं, तसलाच प्रकार.

याच्या उलटही आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी नव्हती म्हणून, इंडिगोची एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. वर्षानुवर्षं यादीच्या डोक्यावर असलेली कंपनी! वरचा नंबर बघून आपण समजत होतो की मागे सगळं भक्कम आहे. नंबराने तेवढं सांगितलंच नव्हतं, आपणच ऐकलं.

रविवारी घरी फोन केला तेव्हा काकांना हे सगळं सांगत बसलो. काका अचलपूरला असतात, सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला गेले-आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती आमची नॅरोगेज गाडी, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या काळातली, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणारी. अचलपूर ते मूर्तिजापूर पाऊणशे किलोमीटर आणि त्याला चार तासांच्या आसपास. आता बंद आहे. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"बाबू, त्या तुह्या यादीत शकुंतला असती तं कितवा नंबर आला असता रे?"

"शेवटचा, काका."

"मंग आता थे बंद हाय, आता कितवा?"

मी म्हटलं, आता यादीतच नाही.

"हां," काका म्हणाले, आणि लगेच मुद्द्यावर आले. त्यांना पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला, आत्याकडे यायचंय. "मले थे टक्के-बिक्के नको सांगू. इमानाचं तिकीट काढू का रेल्वेचं, तेवढं सांग. डाक्टरची तारीख हाय."

मी बराच वेळ गप्प बसलो. इतका वेळ ज्या विमानाची बाजू मांडत होतो त्याचं तिकीट काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. काकांसारखे शंभर जण असं म्हणाले तर सीटा रिकाम्या राहणार, आणि तीन वर्षांनी पैसे थांबले की काय होतं तेही मी वर लिहिलंच आहे. शेवटी म्हटलं, "काका, जाताना रेल्वेनं या, दोन दिवस आधी. तारीख चुकायला नको. परत जाताना विमानानं जा, तेव्हा उशीर झाला तरी चालेल."

"म्हंजे घरी याले उशीर झाला तं चालते," काका म्हणाले आणि हसले. "बरं. काढ मंग तसंच."

परतीचं तिकीट काल रात्री काढलं. खिडकीची सीट मिळाली.